जित्या माणसांना हार

नेरुळ,
रविवार, दुपार.

प्रिय शैला,

सकाळी लवकर उठलो. दूध तापवलं, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दहा वाजता खाली सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा होती. बाराच्या सुमाराला ती आटोपली. घरी येऊन पिठलं-भात केला. आपली मृणाल आणि मी जेवलो. ती दुपारच्या बसने पुण्याला गेली. आता घरात मी एकटाच आहे.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? लग्न ठरल्यावर तू मला चांगली तीन पानं लिहिली होतीस. मी उत्तर पाठवलं, "पत्र पोचले. सर्व कुशल." ते तू आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला सांगत राहिलीस! पण मी महाप्याच्या कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी केली. कुणाचा माल जागेवरून हलवला तर त्याला लेखी कळवायचं, ही सवय अंगात भिनली आहे. तुझी चित्रांची वही मी हलवणार आहे. तुला न विचारता ठरवलं आहे. म्हणून हे पत्र.

पण आधी सभेचं सांगतो. शैला, तू आज हवी होतीस! हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

आपले सेक्रेटरी शिंदे आठवतात ना? सत्यनारायणाची सजावट दरवर्षी अंगावर घेतात ते. त्यांनीच सुचवलं, की नुसती भाषणं नकोत, बाईंची चित्रं लावू. मूळ वही मी हातातून सोडली नाही. तेव्हा मृणालने सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, शिंद्यांनी त्यांच्या मोठ्या प्रती काढल्या आणि फ्रेम करून आणल्या. माणूस मनापासून राबला. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

मी हॉलमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. समोरच्या भिंतीवर मधोमध तुझा फोटो, त्याला निशिगंधाचा जाड हार. ते बरोबरच होतं. पण तुझ्या दोन्ही बाजूंना भिंतभर तुझी चित्रं, आणि त्यातल्या प्रत्येक फ्रेमला झेंडूचा हार! बँकेत पासबुक भरायला रांगेत उभे असलेले आजोबा, त्यांना हार. सायकलवर इडलीचा डबा बांधून येणारा अण्णा, त्याला हार. लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर झोपलेली मृणाल, तिला हार. आणि कोपऱ्यात बनियनवर बसून मिक्सर उघडून बघणारा मी! मलाही हार! मी चप्पल काढून माझ्याच तसबिरीपुढे हात जोडून उभा राहिलो असतो, इतकं ते खरं वाटत होतं.

शिंदे घाम पुसत आले. "काय काका, भिंत कशी भरून आली का नाय? नुसत्या फ्रेमा ओक्याबोक्या दिसत व्हत्या. म्हटलं, फुलवाल्याकडं जातोयच, तर सगळ्यांनाच घेऊन टाकू."

मी काय म्हणणार? "छान," म्हणालो. तुला माहीतच आहे, मला काहीही आवडलं नाही तरी मी छान म्हणतो. तुझ्या कारल्यालाही म्हणायचो.

सगळ्यांत आधी पोपटराव आले. आपल्या बी विंगमधले, वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत ते. डोक्यावर कांद्याची गोणी घेऊन चाललेले, मान ताठ, असं तू त्यांना काढलं आहेस. त्यांनी स्वतःची फ्रेम शोधली, मागे सरून पाहिली, पुढे येऊन पाहिली. मग हार काढला आणि सरळ आपल्या गळ्यात घातला.

"आवं पोपटराव, हे काय?" शिंदे ओरडले.

"काय म्हंजी? माजाच हाय न्हवं? मेल्यावर वास कुटनं येनार? जित्यापनीच घेतो की."

लोक हसायला लागले, आणि तेवढ्यात सारसोळ्याहून हिराबाई आली. बरोबर गावातल्या दोघी. बाजारात धंदा लवकर आटपून, चांगलं पातळ नेसून, डोक्यात फूल माळून आली होती गं तुझ्यासाठी. आत आली, चित्रं बघत बघत पुढे सरकली आणि एका फ्रेमपुढे थबकली. मासळीच्या पाटीमागे बसलेली, एक हात कमरेवर, तोंड उघडं, गिऱ्हाइकाला काहीतरी सुनावते आहे. तुझ्या हातून झालेल्या चांगल्या चित्रांतलं एक.

"अगो बाय! ही मीच हाय ना?"

मग तिला हार दिसला.

"कोनी घातला ह्यो? कोनी? मी जिती हाय! सकाली पापलेट इकून आली न् यांनी मना वर पोचवली!"

शिंदे धावले. "मावशी, टेन्शन घेऊ नका. डेकोरेशन आहे ते."

"डेकोरेशन तुझे बापाचे फोटोला कर! माझे पोरीचा लगीन हाय पुढचे महिन्यान, न् आयशीचे फोटोला हार?"

शिंद्यांचा चेहरा पडला. तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपण काय करून बसलो. बाकीचेही मग आपापल्या फ्रेमकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. जो तो कोणीतरी पुढे होईल याची वाट बघत होता.

शैला, मी उठलो.

मी! सोसायटीच्या एकाही मीटिंगमध्ये तोंड न उघडलेला माणूस. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढलो आणि एकेक हार काढायला लागलो. पोपटराव खाली उभे राहून ते झेलत होते. आजोबांचा काढला, अण्णाचा काढला, हिराबाईचा काढला, मृणालचा काढला. माझा शेवटी. तुझ्या फोटोचा तेवढा ठेवला. मग स्टुलावरूनच बोललो, कारण उतरून माइकपर्यंत गेलो असतो तर धीर गेला असता.

"शैलाने फक्त जिवंत माणसं काढली," मी म्हणालो. "फोटोवरून तिने कधी कोणाला काढलं नाही. समोर माणूस असल्याशिवाय तिची पेन्सिल चालायची नाही. म्हणून इथे हार एकच राहील."

एवढंच माझं भाषण. बरोबर बोललो ना? तुला आठवतं, शेजारच्या कुलकर्ण्यांनी त्यांच्या वडिलांचा फोटो आणून दिला होता, मोठं चित्र करून द्या म्हणून? तू चहा पाजून परत पाठवलंस. मी तुझ्यावर चिडलो होतो, शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही? तू म्हणालीस, "ते हलत नाहीत रे. हलत नाही ते कसं काढू?"

हलणारी माणसं! त्यापायी तू मला किती ठिकाणी ताटकळत ठेवलंस! भाजी घ्यायला जायचं आणि गवारीच्या ढिगापाशी तू वही उघडायचीस. मी दोन पिशव्या घेऊन उभा. दुकानदार मला विचारायचे, "काका, काही हवंय?" काही नको, बायको चित्र काढते आहे, असं किती जणांना सांगायचं? विमानतळ सुरू झाल्यावर तुला उलव्याला जायचं होतं. मला वाटलं, विमान काढायचं असेल. तिथे एका इमारतीच्या गच्चीवर गेलो, तर तू विमानाकडे पाठ केलीस! वर बघणाऱ्या लोकांच्या माना काढल्यास. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या माना वर. मी विचारलं, "अगं, विमान?" तर म्हणालीस, "ते काय, उद्या पुन्हा येईल."

आणि वह्या तरी राहू द्यायच्यास! पण तुझी रीतच निराळी. जाड कागद आणायचा, तो कापून, घड्या घालून, लांब लांब टाक्यांनी स्वतः वही शिवायची. टाके लांब का, तर पुढे सहज उसवता यावेत. ज्याला काढलं त्याला सांगायचं, "वही भरली की तुमचं पान तुमचं." आणि खरंच, वही भरली की ती उसवून, पानं पिशवीत घालून आपण वाटायला निघायचो. लोकांना आधी खरं वाटायचं नाही. मग ते पान दोन्ही हातांनी धरायचे. मला ते आवडायचं, पण तक्रारही होती, ती आज करतो. एवढा संसार चित्रकलेच्या बाईंबरोबर केला आणि आपल्या भिंतीवर काय? कॅलेंडर!

या शेवटच्या वहीची मात्र गोष्ट वेगळी झाली. ती भरली नाही. मागची बरीच पानं कोरी राहिली. शेवटचं चित्र इस्पितळातलं. वॉर्डात चहा घेऊन येणारा तो उंच माणूस. सलाइन लावलेलं असताना तू वही मागितलीस. मी म्हणालो, "उद्या काढ, पड जरा." तू म्हणालीस, "तो पुढच्या खाटेकडे जायच्या आत काढते." किटली झाली, किटली धरलेला हात झाला, आणि तो खरंच पुढच्या खाटेकडे गेला. दुसऱ्या दिवशी तुला आयसीयूत हलवलं.

तर आज सभा संपल्यावर हिराबाई माझ्या मागोमाग वर घरी आली. राग उतरला होता. पाणी प्यायली, तुझ्या टेबलाकडे बघितलं.

"दादा, माझा पान द्याल? बाईंनी मना सांगितलेला, वही भरली का तुझा पान तुला. पोरीचे लग्नान घरान लावीन म्हनते. पाव्हने येतील, बघतील."

मृणाल मध्ये पडली. "मावशी, खालची फ्रेम घेऊन जा ना. तेच चित्र आहे, उलट मोठं आहे."

हिराबाईने कानाला हात लावले. "नको बाय! त्याला हार लागलेला. लग्नाचे घरान तो कसा नेऊ?"

बघ आता! शिंद्यांनी हौसेने एवढ्या फ्रेमा केल्या, आणि त्या कोणालाच नकोत. पोपटराव सोडले तर एकानेही आपली फ्रेम नेली नाही. अण्णा तर बघायलाही थांबला नाही. ज्याला आपलं चित्र हवं, त्याला आता वहीतलंच हवं.

मृणाल म्हणाली, "पण वही भरलेली नाहीये, मावशी. आईचाच नियम आहे. भरल्याशिवाय ती उसवायची नाही."

खरं सांगतो, मी तिच्याच बाजूचा होतो. तू गेल्यापासून ती वही तुझ्या टेबलावर तशीच आहे, पेन्सिल आत घालून. मी रोज तिच्यावरची धूळ पुसतो. मागची कोरी पानं दिसली की मला बरं वाटायचं. काम अर्धवट आहे, म्हणजे माणूस कुठेतरी बाजारात गेलं आहे, येईल. असं मी कोणाला बोललो नाही. तुला सांगतो आहे.

हिराबाईने मृणालकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग कवा भरनार?"

मी उगाच वहीतली पेन्सिल सरळ केली.

"बाय येनार हाय का भरायला?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता. "मी वाकडा बोलत नाय हां, दादा. इचारते."

इतके लोक येऊन गेले, शैला. कोणी म्हणालं, त्या आपल्यातच आहेत. कोणी म्हणालं, चित्रांतून जिवंत राहतील. हा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "ती येणार नाही."

"मग भरली की ती."

ती उठली. पदर खोचला. "मना घाई नाय. तुमी बापलेक बसून ठरवा." दारात चपला घालताना वळून म्हणाली, "बाईंनी माझा उघडा तोंड मात्र बरोबर काढलाय, बोंबलासारखा!" आणि हसत जिना उतरली.

जेवताना मृणाल घास नुसता चिवडत होती. शेवटी बोलली.

"बाबा, तुम्ही सगळी पानं वाटून टाकणार. मग माझ्याकडे आईचं काय राहणार? बाकीच्या वह्या तर तिने कधीच वाटल्या. ही एकच उरली आहे."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई तिचीच ना? मी म्हणालो, "फोटो आहेत तुझ्या मोबाइलमध्ये."

"फोटोत पेन्सिल हाताला लागत नाही."

ही अगदी तुझी मुलगी! मी तिला भात वाढला. मग जे डोक्यात होतं ते सांगितलं. "मृणाल, आईने त्या माणसांना शब्द दिला आहे. ती वाट बघतायत. तू पुण्याला जाशील. मला इथल्या बाजारात रोज त्यांच्यासमोरून जायचंय. हिराबाईकडून मासे घ्यायचेत. तिचं पान घरात ठेवून मी तिच्या पाटीपुढे उभा राहू शकणार नाही."

ती ताटावरून उठली, हात धुतले, वही घेऊन खिडकीशी बसली आणि पहिल्या पानापासून एकेक पान बघत गेली. मी भांडी घासली. परत आलो तर तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता.

"मग नियम म्हणजे नियम. झोपलेली मी, ते माझं पान. आत्ताच नेत नाही, तुम्ही नीट सोडवा आणि कुरिअर करा. घडी घालायची नाही. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा."

"बरं."

"आणि मागची कोरी पानं? ती कोणाची?"

"ती कोणाचीच नाहीत."

"मग तीही मला द्या."

"त्यावर काय काढणार?"

"काही नाही. मला कुठे येतं? नुसती ठेवीन. टाक्यांची भोकं तिनेच पाडलीत ना."

मी हो म्हणालो. तुझी हरकत नसणार, अशी माझी खात्री आहे. मिक्सर उघडून बसलेलं माझं पान मी घेतो आहे. नियमात बसतं. आता तरी कॅलेंडरशेजारी काहीतरी लागेल! बनियनवरचं कशाला काढलंस, हे मात्र विचारायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट तू सोपी करून ठेवायला हवी होतीस. पानांमागे नावं का लिहिली नाहीस गं? तुला सगळे चेहऱ्याने ठाऊक. वाटायला निघालो की तू पुढे, मी मागे पिशवी घेऊन. बोलायचं काम तुझं. "ओळखलंत का? हे घ्या, तुमचं." तू असं म्हणायचीस आणि लोक तुला घरात बोलवायचे, लिंबू सरबत द्यायचे. मी दाराशी चपला सांभाळत उभा. पासबुकवाले आजोबा कुठे राहतात, मला काय माहीत? उलव्याच्या गच्चीवरच्या त्या माना कोणाकोणाच्या?

पण शोधीन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आजोबा बँकेत येणारच, पेन्शनवाला माणूस तेव्हा चुकत नाही. उलव्याची इमारत मला सापडेल. गच्ची दाखवली की वॉचमन माणसं सांगेल. इस्पितळात जायला पाय निघणार नाही असं वाटलं होतं, पण आता वाटतं, जाईन. त्या चहावाल्याच्या पानावर नुसता हात आणि किटली आहे. तो म्हणेल, यात मी कुठे आहे? मी सांगेन, हा हात तुमचाच आहे, बघा. नाही पटलं तर किटली तरी पटेल.

शैला, मी तुला शब्द देतो. एकही पान पोस्टाने पाठवणार नाही, शिंद्यांच्या हाती देणार नाही. अपवाद फक्त मृणालचं. बाकी प्रत्येक पान मी स्वतः नेईन, दारात उभा न राहता आत जाईन आणि तू म्हणायचीस तसंच म्हणेन, "हे घ्या, तुमचं." पहिलं हिराबाईला, लग्नाच्या आधी. कोणी सरबत दिलं तर बसून पिईन. कोणी तुझ्याबद्दल विचारलं तर सांगेन. गेली म्हणून सांगेन, आणि वही भरली म्हणूनही.

तुझा,
अनंत

ता. क. सही करून उठलो. टेबलावर जुना पेपर अंथरला, चष्मा पुसला, कात्री शोधून आणली. पहिला टाका कापला. दोरा घट्ट असेल असं वाटलं होतं, पण सहज निघाला. पंखा बंद केला आहे, पानं उडू नयेत म्हणून. आता दुसरा टाका घेतो.